नळापासून लोकसभेपर्यंत : मृणाल गोरे यांची सार्वजनिक कारकीर्द

सुप्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी गोरेगावच्या नगरसेविकेवर लेख कशाला लिहायचा, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे मुंबईचा कारभार हा आपल्या इतिहासाला परका विषय नाही. दुसरं उत्तर पाण्याचं. काळी नदीवर 101 मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं, जुनं सुपा गाव त्याच्या जलाशयात गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं आणि अनेक कुटुंबं रामनगरला वसली. धरणापायी गाव सोडलेल्या लोकांनी दुसऱ्या टोकाला, म्हणजे नळाखाली हंडा धरून उभ्या असलेल्या लोकांचा इतिहासही वाचावा असं मला वाटतं. त्या टोकाला मृणालताई गोरे भेटतात.

गोरेगावची ग्रामपंचायत

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928चा, माहेरचं नाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या आणि 1948 मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव तथा बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. दोघांनी संसार थाटला तो गोरेगावला. आज तिथे उंच इमारती दिसतात, पण त्या वेळी गोरेगाव मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होतं. तिथे ग्रामपंचायत होती, आणि मृणालताईंच्या लोकप्रतिनिधित्वाची सुरुवात त्या ग्रामपंचायतीतच झाली. 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द उत्तरेला दहिसरपर्यंत वाढली आणि गोरेगाव एका दिवसात शहर झालं.

कागदावर शहर झालं, असं म्हणायला हवं. हद्द अधिसूचनेनं सरकते, जलवाहिनी तशी सरकत नाही. मुंबईचा विहार तलाव 1860 मध्ये पुरा झाला आणि तो गोरेगावच्या अगदी जवळ आहे, पण त्याचं पाणी दक्षिणेकडच्या शहरासाठी होतं. पुढे तानसा, मग वैतरणेवरचा मोडक सागर असे तलाव होत गेले. आता यातलं तांत्रिक गणित साधं आहे. वाटेत जितक्या जोडण्या, तितका दाब कमी होतो. उंचावरच्या आणि टोकाच्या वस्तीत नळ असूनही पाणी नसतं. त्यात गोरेगावात झोपड्या वाढत होत्या, आणि अनधिकृत वस्तीला अधिकृत नळ द्यायचा कसा, हा प्रशासनाचा ठरलेला प्रश्न होता. म्हणजे अडचण पाइपाच्या व्यासाची होती तशीच नियमाचीही होती. पहिली इंजिनिअर सोडवू शकतो. दुसरी सोडवायला लोकप्रतिनिधी लागतो.

पाणीवाली बाई

1958 मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, पदरी लहान मुलगी. तीन वर्षांनी, 1961 मध्ये, त्या महापालिकेवर निवडून आल्या.

‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना याच कामातून मिळालं. सभागृहात प्रश्न विचारायचा, अधिकाऱ्याला गाठायचं, काम नाही झालं तर बायकांना घेऊन मोर्चा न्यायचा. या तीन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून कधी तोडल्या नाहीत. मला त्यांच्या कारकिर्दीचं मर्म इथेच दिसतं. मोर्चा काढणारे पुष्कळ असतात, सभागृहात बोलणारेही असतात. पण मोर्चातली बाई जे सांगते ते नियमाच्या भाषेत मांडायचं, आणि सभागृहात जे ठरलं ते परत गल्लीत जाऊन समजावून सांगायचं, ही दुहेरी हमाली फार थोडे करतात.

1972 मध्ये त्या आमदार झाल्या. ते दुष्काळाचं वर्ष. धान्य, तेल, रॉकेल यांच्या टंचाईनं घरं बेजार झाली होती. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आणि मृणालताई यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधात स्त्रियांची संयुक्त समिती उभी केली. हातात लाटणं आणि थाळी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट एरवी एकमेकांना पाण्यात पाहायचे, पण रेशनच्या रांगेत त्यांच्या बायका शेजारी शेजारीच उभ्या असत, हे या चौघींना नेमकं कळलं होतं.

दिल्लीची अडीच वर्षं

आणीबाणीत मृणालताई काही काळ भूमिगत राहिल्या, नंतर पकडल्या गेल्या आणि तुरुंगात गेल्या. 1977च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या उमेदवार म्हणून त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. इंदिरा गांधी हरल्या होत्या, तेव्हा घोषणा झाली : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ त्याच निवडणुकीत महापालिकेतल्या त्यांच्या जुन्या सहकारी अहिल्याताई रांगणेकरही खासदार झाल्या. प्रमिलाताई दंडवते 1980 मध्ये लोकसभेत गेल्या. लाटणं मोर्चातल्या तिघी तीन वर्षांत संसदेत पोचल्या, ही मुंबईच्या राजकारणातली साधी गोष्ट नव्हे.

पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी मृणालताईंना आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही. या नकाराकडे सहसा त्याग म्हणून पाहिलं जातं. मला त्यात हिशेब दिसतो. ज्या कामावर लोकांनी निवडून दिलं ते मोर्चा आणि सभागृह यांच्या जोडीवर चालत होतं, आणि मंत्र्याला मोर्चा काढता येत नाही. याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आरोग्य खातं हातात असतं तर देशभरच्या बायकांसाठी काही करता आलं असतं, असं कुणी म्हटलं तर तो आक्षेप खोडून काढणं सोपं नाही. ऑगस्ट 1979 मध्ये लोकसभा विसर्जित झाली. खासदारकी जेमतेम अडीच वर्षांची.

परत गोरेगावात

एकदा दिल्ली पाहिलेला माणूस सहसा खालच्या सभागृहाकडे वळत नाही. मृणालताई 1985 मध्ये पुन्हा आमदार झाल्या. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात त्यांनी विधानसभेत खासगी विधेयक आणलं. महाराष्ट्रानं 1988 मध्ये त्याविषयी कायदा केला, तो देशातला पहिला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. म्हणजे खासदार असताना नव्हे, तर आमदार असताना त्यांनी लावून धरलेला विषय पुढे देशाचा कायदा झाला.

दुसरं मोठं काम घरांचं. कमाल नागरी जमीनधारणा कायदा 1976चा. त्यातल्या तरतुदींचा आधार घेऊन मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सुमारे 62 एकर जमीन मिळवली आणि सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सुमारे 6 हजार घरं उभी केली. संकटातल्या स्त्रियांसाठी ‘स्वाधार’ही गोरेगावातच सुरू झालं. 17 जुलै 2012 रोजी वसई इथे त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी

पद वाढलं की माणूस मोठा झाला, असं चरित्रं लिहिताना आपण गृहीत धरतो. ग्रामपंचायत, महापालिका, विधानसभा, लोकसभा अशी शिडी काढतो. मृणालताईंच्या बाबतीत ही शिडी उपयोगाची नाही. सगळ्यांत मोठं पद सगळ्यांत थोडा काळ टिकलं आणि लोकांनी दिलेलं नाव मात्र नळाचं राहिलं.

यात आपल्या कामाची एक दिशा आहे. खासदारांची भाषणं संसदेच्या छापील कार्यवाहीत सुरक्षित असतात. नळासाठी, रस्त्यासाठी, बुडालेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी केलेले अर्ज मात्र कपाटात वाळवी खाते. सुप्याचं गाव पाण्याखाली गेलं, पण तिथल्या माणसांनी कुणाकडे काय मागितलं, त्यांच्यातर्फे कोण बोललं आणि काय उत्तर मिळालं, हे अजून जुन्या इतिवृत्तांत, अर्जांच्या नकलांत आणि रामनगर-जोयड्याच्या घरांतल्या ट्रंकांत शोधता येईल. तो शोध आत्ताच घ्यावा. ज्यांनी ते अर्ज लिहिले ती पिढी आता म्हातारी झाली आहे.