फ्लिंट शहराचे पाणी

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइटपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, फ्लिंट नावाचे शहर आहे. कामगार चळवळीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना हे नाव अपरिचित नाही. 30 डिसेंबर 1936 रोजी तेथील जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप पुकारला. पण ते घरी गेले नाहीत, कारखान्यातच ठाण मांडून बसले. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत कंपनीने एका कारखान्यातील ऊब बंद केली आणि पोलीस अश्रुधूर घेऊन चालून आले, तेव्हा आतल्या मंडळींनी आग विझवण्याचे पाइप उघडून पाण्याच्या झोतांनी त्यांना परतवले. पुढे बायकांनीही आपले पथक उभारले आणि धूर बाहेर जावा म्हणून कारखान्याच्या काचा फोडल्या. 44 दिवसांनी कंपनीने युनियनला मान्यता दिली.

आमच्या अभ्यासवर्गांत फ्लिंटची गोष्ट येथे संपत असे. त्या गावाचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही. ही चूक आमचीच.

पुढे झाले ते असे. 1960 साली फ्लिंटची वस्ती जवळजवळ दोन लाख होती. मग कारखाने एकेक करून बंद पडले, कामे गेली, कामामागे माणसे गेली, आणि 2010 पर्यंत वस्ती लाखावर आली. मागे राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि पाचांतले दोघे दारिद्र्यरेषेखाली. कर देणारे उरले नाहीत तेव्हा नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली हे ओघानेच आले. 2011 साली राज्य सरकारने शहरावर 'आणीबाणी प्रशासक' नेमला. महापौर होता, नगरसेवक होते, पण त्यांच्या ठरावाला किंमत उरली नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये राज्यातील मतदारांनी हा कायदाच रद्द केला. डिसेंबरात विधिमंडळाने तसाच दुसरा केला, आणि तोही अशा युक्तीने की त्यावर पुन्हा जनमत घेता येऊ नये!

फ्लिंटला 1967 पासून डेट्रॉइटचे पाणी विकत मिळे. ते ह्युरन सरोवराचे, गोडे आणि नितळ. प्रशासकाला ते महाग वाटले. सरोवरापासून नवी नळवाहिनी टाकण्याचे काम चालू होते. ती पुरी होईपर्यंत गावातल्याच फ्लिंट नदीचे पाणी घ्यावे, म्हणजे दोन वर्षांत सुमारे 50 लाख डॉलर वाचतील, असा हिशेब झाला. 25 एप्रिल 2014 रोजी महापौराने बटण दाबले आणि नदीच्या पाण्याचा पेला उंचावून समारंभ साजरा केला.

आता थोडे रसायनशास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मी ते शाळेत शिकलेलो नाही, पण जुना नळ उघडून पाहिलेला कोणीही हे समजू शकेल. मुख्य नळापासून घरापर्यंत येणाऱ्या जुन्या नळ्या शिशाच्या असत. शिसे मऊ, हवे तसे वाकते. लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणतात, आणि आपला प्लंबर त्यावरूनच आला. शिसे हे विष आहे. तरी नळीच्या आत वर्षानुवर्षे क्षारांचा पातळ थर बसतो आणि तो पाण्याला शिशापासून दूर ठेवतो. हा थर टिकावा म्हणून डेट्रॉइट पाण्यात फॉस्फेट घालीत असे. नदीच्या पाण्यात क्लोराइड कितीतरी जास्त, म्हणजे धातू खाण्याची ताकदही जास्त. पण फ्लिंटमध्ये फॉस्फेट घातलेच नाही. 1991 च्या केंद्रीय नियमानुसार ते बंधनकारक होते. खर्च म्हणाल तर जाणकारांच्या मते रोजचे शे-दीडशे डॉलर. थर निघून गेला आणि शिसे पाण्यात उतरू लागले. नदीत शिसे नव्हते. ते ज्याच्या त्याच्या अंगणाखाली होते.

पाणी तांबूस येऊ लागले. अंगावर पुरळ उठू लागले. ऑगस्ट-सप्टेंबरात जंतू सापडले म्हणून पाणी उकळून प्या असा हुकूम निघाला. आणि ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनाच्या कारखान्यासाठी हे पाणी घेणे बंद केले, कारण त्याने यंत्राचे सुटे भाग गंजत होते. कंपनीला शेजारच्या हद्दीतून सरोवराचे पाणी मिळाले. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. लोखंडाला जे पाणी चालत नव्हते, ते पोरांना आणखी एक वर्ष प्यावे लागले. जानेवारी 2015 मध्ये फ्लिंटमधल्या सरकारी कचेरीत नोकरांसाठी बाटलीबंद पाण्याची सोय झाली. बाहेर नागरिकांना पाणी ठीक असल्याचे सांगितले जात होते. डेट्रॉइटने पुन्हा पाणी देऊ केले. मार्चमध्ये नगरसेवकांनी सात विरुद्ध एक मतांनी ते घ्यावे असे ठरवले. प्रशासकाने ठराव बाजूला सारला.

या वेळीही बायकाच पुढे झाल्या. गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या सभांतून उभ्या राहिल्या. ली-ॲन वॉल्टर्स या गृहिणीच्या घरच्या पाण्यात एक अब्ज भागांत 397 भाग शिसे निघाले. 15 भागांवर गेल्यास कारवाई करावी असा तेव्हा नियम होता. केंद्रीय पर्यावरण खात्यातील मिगेल डेल टोरल यांनी जून 2015 मध्ये लेखी इशारा दिला, तर राज्याच्या प्रवक्त्याने लोकांनी निश्चिंत असावे असे सांगितले. मग व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांच्या मदतीने नागरिकांनी स्वतः दोनशेहून अधिक घरांतले नमुने भरले. सप्टेंबरात बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी रुग्णालयाची कागदपत्रे तपासून दाखवले की, रक्तात शिसे वाढलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण दुपटीच्या आसपास गेले आहे. प्रथम त्यांचीही हेटाळणी झाली. पण आकडे हलेनात. 16 ऑक्टोबर 2015 रोजी डेट्रॉइटचे पाणी परत सुरू झाले.

शिसे मुलांच्या मेंदूवर घाला घालते आणि झालेली हानी भरून येत नाही. त्याच दीड वर्षात लीजनेअर नावाच्या न्यूमोनियासारख्या रोगाने सरकारी नोंदीप्रमाणे 12 माणसे दगावली.

30 जानेवारी 2016 रोजी मिशिगनभरातून युनियनचे सुमारे 300 प्लंबर फ्लिंटमध्ये आले आणि घरोघर फुकट नळ व गाळण्या बसवून गेले. एवढ्यापुरती आम्हां मंडळींना मान वर करायला जागा आहे.

2021 मध्ये 62 कोटी 60 लाख डॉलरांच्या भरपाईला न्यायालयाची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी माजी गव्हर्नरांसह नऊ जणांवर गुन्हे ठेवण्यात आले. 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोप ठेवण्याची पद्धतच चुकीची ठरवली आणि पुढल्या वर्षी खटले संपले. नळ्या बदलण्याचा करार 2017 चा, मुदत तीन वर्षांची. कोणाच्या अंगणाखाली शिसे आहे हे कळेना, कारण नगरपालिकेच्या नोंदी हजारो जुन्या कार्डांवर होत्या, काही पेन्सिलीने लिहिलेल्या. खणून पाहावे तेव्हा समजे. सुमारे 11 हजार शिशाच्या नळ्या काढून झाल्याचे राज्याने जाहीर केले, ते जुलै 2025 मध्ये.