बालवीराची प्रतिज्ञा आणि कुटुंबाचे स्थान

मूल बालवीर पथकात दाखल व्हावयाचे ठरले म्हणजे घरातून सामान्यतः गणवेश, शिबिर आणि खर्च या तीन गोष्टींची चौकशी होते. ज्या वाक्याच्या उच्चाराने मूल बालवीर ठरते, त्या प्रतिज्ञेची चौकशी मात्र क्वचितच होते. वास्तविक या चळवळीत प्रतिज्ञा आणि तिला जोडलेले नियम हाच मूळ करार होय. दोरीच्या गाठी, तंबू आणि बिल्ले हे सर्व त्या करारामागून येते. हा करार मूल कोणाशी करते, त्यात आईबापांचे नाव कोठे येते, आणि हे नाव कोणत्या क्रमाने आत-बाहेर झाले, याचा इतिहास पाहिल्यास पालकांनी कोणते प्रश्न विचारावेत हे आपोआप स्पष्ट होते.

प्रथम नावाचाच विचार करू. ‘स्काउट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला असून लष्करी परिभाषेत त्याचा अर्थ टेहळणी करणारा असा आहे. चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे सेनाधिकारी होते आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे टेहळणीविषयक पुस्तक सैनिकांसाठीच होते. मराठीने ‘हेर’ अथवा ‘टेहळ्या’ हे जवळचे शब्द बाजूस ठेवून ‘बालवीर’ आणि मुलींसाठी ‘वीरबाला’ हे शब्द स्वीकारले. या भाषांतराने संशयाची छटा गेली आणि शौर्याची आली. परंतु त्याबरोबरच मूळ शब्दातील एक गोष्ट दृष्टीआड झाली. टेहळ्या हा नेहमी कोणाच्या तरी वतीने टेहळणी करतो. वीराच्या बाबतीत तो कोणाचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे प्रायोगिक शिबिर भरले आणि १९०८ मध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक भागशः प्रसिद्ध झाले. त्यात दिलेल्या ९ नियमांपैकी दुसरा नियम निष्ठेचा आहे. या पहिल्या पाठात बालवीराची निष्ठा राजा, अधिकारी, देश आणि ज्याच्याकडे तो नोकरी करील तो मालक यांच्याशी सांगितली आहे. आईबापांचा उल्लेख तेथे नाही. सातवा नियम आज्ञापालनाचा. त्यात संघनायक अथवा पथकप्रमुख यांची आज्ञा प्रश्न न विचारता पाळावी असे म्हटले आहे, आणि तेथेही आईबाप नाहीत. १९१२ पर्यंत स्थिर झालेल्या पाठात मात्र दोन्ही नियमांत आईबाप आले आणि विचार, उच्चार व आचार यांच्या शुद्धतेचा दहावा नियमही जोडला गेला. म्हणजे कुटुंबाचे स्थान या चळवळीत आरंभापासून गृहीत नव्हते; ते नंतरच्या दुरुस्तीने मिळाले. प्रश्न न विचारण्याची अट दुरुस्तीनंतरही कायम राहिली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

भारतात वादाचा विषय आईबाप नव्हते, राजा होता. १९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूर येथे पहिले पथक काढले आणि १९१०-११ मध्ये खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला व मद्रास येथे पथके निघाली. ही पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. माग काढणे, खुणांनी संदेश पाठविणे या विद्या भारतीय तरुणांच्या हाती गेल्यास त्या राज्याविरुद्ध वापरल्या जातील, ही भीती शासनाच्या मनात होती. ज्या निष्ठेची शपथ इंग्लंडमध्ये सर्व मुलांसाठी खुली होती, ती घेण्याचीदेखील भारतीय मुलास मुभा नव्हती.

याला उत्तर म्हणून स्वतंत्र संघटना उभ्या राहिल्या. मद्रासेत अ‍ॅनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने, तर अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावाने भारतीय मुलांसाठी पथके चालविली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले असता बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती मात्र वेगळी राहिली. १९३७ च्या दिल्ली मेळाव्यानंतर बेडन-पॉवेल यांनी भारतीयांविषयी काढलेल्या उद्गारांनी रोष उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी प्रमुख संघटनांच्या एकीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संघटना तीत सामील झाली. सेवा समितीचे हृदयनाथ कुंझरू हे तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त होत.

या संस्थेच्या पाठाची मूळ पाठाशी तुलना केल्यास तीन भेद दिसतात. पहिला, राजा गेला आणि ईश्वर व देश यांच्याविषयीचे कर्तव्य राहिले. ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी इच्छेनुसार ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. ईश्वर न मानणाऱ्या परंपरांतील कुटुंबांना ही मुभा ठाऊक असणे अगत्याचे आहे. दुसरा, आज्ञापालनाच्या जागी शिस्त आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आले. प्रश्न न विचारण्याची अट गळाली. तिसरा भेद व्याकरणाचा असून तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बालवीर निष्ठावान असतो, एवढेच आता सांगितले जाते. कोणाशी निष्ठावान, हे पद वाक्यातून नाहीसे झाले आहे. राजा काढताना त्याच्या पंक्तीला बसलेले अधिकारी, मालक आणि आईबापही निघून गेले.

ही रिकामी जागा दोष नव्हे. तीमुळे मुलास विचार करण्यास वाव मिळतो. परंतु वाक्यातील रिकामी जागा व्यवहारात रिकामी राहत नाही. पथकप्रमुख, शाळा अथवा एखादा पक्षाभिमानी तीत आपले नाव घालू शकतो. म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी पथकप्रमुखास सरळ विचारावे की येथे निष्ठा कोणाशी मानली जाते आणि मुलाने आज्ञेस नकार दिल्यास काय होते. पथक कोणत्या संघटनेचे आहे, हेही विचारावे. कारण भारतात या प्रकारच्या एकाहून अधिक संघटना असून जागतिक संघटनेची मान्यता भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेस आहे.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. अमेरिकेतील प्रमुख संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्यानंतर बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराचे ८२,००० हून अधिक दावे तिच्यासमोर दाखल झाले. हे सर्व एका नियमातून उद्भवले असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ज्या ठिकाणी मोठ्या माणसाच्या आज्ञेस प्रश्न विचारणे अशोभनीय मानले जाते, तेथे मुलाला तक्रार करण्याची भाषाच उरत नाही, एवढे निश्चित. शिबिरात मुलाबरोबर एकटे मोठे माणूस नसावे, किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत, आणि मुलास घरी केव्हाही निरोप पाठविता यावा, या अटींचा आग्रह धरणे म्हणजे पथकावर अविश्वास दाखविणे नव्हे.

इंग्रजी प्रतिज्ञेचा आरंभ स्वतःच्या सन्मानाला स्मरून होतो; हिंदी पाठात त्यासाठी ‘मर्यादापूर्वक’ हा शब्द योजिला आहे. सन्मान हा व्यक्तीचा असतो; मर्यादा ही व्यक्ती आणि समाज या दोहोंना बांधते. या शब्दाचा अर्थ गांभीर्याने घ्यावयाचा तर मर्यादा एकट्या मुलाची नसून त्याच्याकडून शब्द घेणाऱ्याचीही असते. मूल शब्द देण्यापूर्वी शब्द घेणारा आपली मर्यादा जाणतो की नाही, हे पाहण्याचे काम मुलाचे नव्हे. ते त्याच्या आईबापांचे आहे. १९०८ च्या नियमांत त्यांना स्थान नव्हते, आणि आजच्या नियमांतही त्यांचे नाव नाही. ते स्थान त्यांना प्रवेशाच्या दिवशी स्वतःच घ्यावे लागते.