ओआरएममध्ये अटीसह जॉइन: उरवड्याचे गट यादीतून का गळतात?

समजा, मुळशी तालुक्यातल्या उरवडे गावच्या सगळ्या गटांची यादी हवी आहे. फेरफार प्रलंबित असेल तिथे नोंद क्रमांक, नसेल तिथे रिकामी जागा. सातबारा एका टेबलमध्ये, फेरफार (गाव नमुना ६) दुसऱ्यात.

अनेक जण लेफ्ट जॉइन करतात आणि शेवटी ‘स्थिती = प्रलंबित’ असा फिल्टर लावतात. घोळ इथेच होतो. फेरफार नसलेल्या गटापुढे ‘नल’ येतं, ते अटीत बसत नाही आणि अख्खी ओळ गळते. एररही येत नाही. आपला गट यादीत न दिसलेल्या शेतकऱ्याला मात्र धडकी भरते.

अट ‘व्हेअर’मध्ये नको, जॉइनच्या ‘ऑन’मध्ये हवी. मग जोडी न मिळालेला गटही यादीत राहतो.

ओआरएम म्हणजे एसक्यूएल न लिहिता पायथन, पीएचपीसारख्या भाषेतूनच डेटाबेस हाताळायची सोय. त्यात ही ‘ऑन’ची अट कुठे लिहायची, ते पटकन सापडत नाही. जँगोमध्ये २०१७ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून त्यासाठी ‘फिल्टर्डरिलेशन’ आहे. एसक्यूएलअल्केमीत ‘आउटरजॉइन’च्या अटीतच ती जोडता येते. लाराव्हेल जरा फसवं आहे: ‘लेफ्टजॉइन’च्या क्लोजरमध्ये लिहिलेलं ‘व्हेअर’ ‘ऑन’मध्ये जातं, बाहेर लिहिलेलं जात नाही.

आणि एका गटावर दोन फेरफार प्रलंबित असतील, तर तो गट दोनदा येईल. क्षेत्राची बेरीज करण्याआधी हे तपासा, नाहीतर उरवड्याची जमीन कागदावर वाढलेली दिसेल.