चार, तेत्तारेस आणि पेत्तारेस

या शनिवारी चक्क रिलीज नव्हता, म्हणून थ्युसिडिडीस काढून बसलो. (सगळा नाही हो, फक्त तिसरं पुस्तक.) त्यातला एक प्रसंग काही केल्या डोक्यातून जाईना.

साल इ.स.पू. 426. अथेन्सचा सेनापती डेमोस्थेनिस (भाषणं ठोकणारा तो नव्हे, तो पुढच्या शतकातला) इडोमेनी इथे पहाटेच्या अंधारात अँब्रेशियाच्या सैन्यावर चालून गेला. पुढच्या फळीत त्याने मुद्दाम मेसेनियन लोक ठेवले आणि त्यांना बजावलं, पहारेकऱ्यांशी डोरिक बोलीत बोला. अँब्रेशियावालेही डोरिकच. अंधारात चेहरे दिसेनात, कानावर बोली घरची. पहारेकऱ्यांना वाटलं, आपलीच माणसं! सैन्य अंथरुणातच सापडलं आणि बहुतेकजण जागीच मारले गेले.

आता ही बोली ओळखायची कशी? पुष्कळदा एका व्यंजनावरून. 'तो देतो' हे अथेन्सवाला 'दिदोसि' म्हणणार, डोरिकवाला 'दिदोति'. समुद्र अथेन्समध्ये 'थालात्ता', आयोनियात 'थालास्सा'. गंमत म्हणजे थ्युसिडिडीस स्वतः अथेन्सचा, पण लिहिताना 'स्स'च लिहितो!

मला सगळ्यात आवडला तो 'चार'. अथेन्समध्ये 'तेत्तारेस', शेजारच्याच बिओशियात 'पेत्तारेस'. त आणि प कुठून आले? मूळ ध्वनी होता 'क्व'सारखा. लॅटिनने तो 'क्वात्तुओर'मध्ये जपला, संस्कृतात त्याचा च झाला, चत्वारः, आणि तिथून आपला चार. 1952 मध्ये मायकेल व्हेंट्रिस या आर्किटेक्टने (भाषातज्ज्ञ नव्हे, बरं का) लिनिअर बी लिपी उलगडली. पायलॉसच्या एका मातीच्या पाटीवर चार मुठींच्या भांड्याचं चित्र आहे, शेजारी लिहिलंय 'क्वे-तो-रो-वे', म्हणजे शब्दशः 'चार कानांचं'. इसवी सनापूर्वी सुमारे 1200 वर्षं तो 'क्व' अजून शाबूत होता.

कानावरून आठवलं. इ.स.पू. 401 मध्ये पर्शियात अडकलेल्या ग्रीक फौजेत अपोलोनिडिस नावाचा एक अधिकारी होता, बोलणं थेट बिओशियन वळणाचं. राजाला शरण जाऊ म्हणाला, तेव्हा एकजण उठून ओरडला, याचा बिओशियाशीच काय, ग्रीसशीही संबंध नाही, लिडियावाल्यांसारखे दोन्ही कान टोचलेत याचे! पाहिलं, तर खरंच. दिलं हाकलून. पासवर्ड बरोबर होता, युजर भलताच निघाला :)