कपाटातलं आरमार

माणसाला एखादा छंद असावा, असं शाळेत सगळेच मास्तर सांगतात. कोणता असू नये, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे कोणी तिकिटं जमवतो, कोणी नाणी जमवतो, कोणी नुसतीच माणसं जमवतो. मी शिडाच्या छोट्या होड्यांवरची जुनी इंग्रजी पुस्तकं जमवतो. होडी माझ्याकडे नाही. पोहता येत नाही. बोईसरच्या आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, दिसते ती एक पाण्याची टाकी. "त्यापेक्षा पाककृतींची पुस्तकं जमवली असतीत तर रविवारी काही वेगळं तरी खायला मिळालं असतं," असं आमच्या घरातलं मत आहे आणि कपाट पुसायच्या दिवशी ते जरा मोठ्यानं व्यक्त होतं.

तसा समुद्र काही लांब नाही. चिंचणी-तारापूरचा किनारा रिक्षानं गाठता येतो. पण आमचा समुद्र ओहोटीला इतका आत जातो, की तो परत येईपर्यंत माणसानं पुस्तक वाचत बसावं हेच बरं.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या खेळाचा तुम्हाला एवढा पुळका कशाला? तर मंडळी, मुळात 'डिंगी' हा शब्दच आपल्याकडचा. हिंदी-बंगालीत डिंगी किंवा डेंगी म्हणजे लहान होडी. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि त्याचा उच्चार कोणी 'डिंजी' करू नये म्हणून मध्ये एक 'एच' बसवला. पुढे साहेबाला हौस आली, त्यानं डिंगीला शीड चढवलं, शर्यती लावल्या, त्यावर पुस्तकं लिहिली आणि ती पुस्तकं फिरत फिरत मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर येऊन पडली. तिथे आता पूर्वीइतके पुस्तकवाले राहिले नाहीत, पण रद्दीच्या ढिगात हात घालण्याची चिकाटी असली तर अजून काहीबाही मिळतं.

माझ्या संग्रहातला मानकरी म्हणजे उफा फॉक्स. वाइट बेटावरचा हा नावाडी-कारागीर. १९२८ साली यानं 'अॅव्हेंजर' नावाची चौदा फुटी होडी बांधली आणि ५७ शर्यतींत ५२ वेळा पहिला आला. तोवर होडीनं पाणी कापत जायचं, असा रिवाज होता. याची होडी वारा भरला की नाक वर करून पाण्यावरून चक्क घसरत सुटायची. एवढ्यानं भागेना, म्हणून त्याच उघड्या होडीतून तो इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला गेला आणि परतही आला. १९३४ साली त्यानं पहिलं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातले होड्यांचे आराखडे मी रात्री जेवणानंतर बघतो. काही लोक दागिन्यांची पत्रकं बघतात, तसे.

मग पीटर हीटनचं 'सेलिंग', पेलिकननं १९४९ साली काढलेलं. युद्ध संपलेलं, खिशात पैसे नाहीत, अशा काळात सामान्य माणसाला वारा समजावून सांगणारं स्वस्तातलं पुस्तक. १९६३ साली तर 'डेली मिरर' या वर्तमानपत्रानं वाचकांसाठी होडीच काढली. प्लायवूडचे तुकडे घरी आणायचे, तांब्याच्या तारेनं टाके घालून शिवायचे, सांध्यांवर पट्टी चिकटवायची, वर लाल शीड. अशा ७० हजारांहून जास्त होड्या झाल्या. आपल्याकडे वर्तमानपत्रं वाचकांना फार तर स्टीलचा डबा देतात. त्याच वर्षी फ्रँक डाय नावाचा गृहस्थ सोळा फुटी होडीतून स्कॉटलंडहून आइसलंडला गेला आणि १९६४ साली नॉर्वेला. वाटेत वादळात होडी चार वेळा उलटली. त्याचं १९७७ सालचं पुस्तक वाचताना मी पलंगाची कड घट्ट धरून बसतो.

आपल्या माणसांनीही या खेळात नाव काढलं आहे. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि 'फायरबॉल' होडीचं सुवर्णपदक फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मिळवलं. तारापोर! आमच्या गावाचं नाव निदान आडनावातून तरी शर्यत जिंकून आलं, याचा मी पेढा खाल्ला. 'एंटरप्राइज' होडीचं सुवर्ण मात्र पाकिस्तानच्या बैराम आवारी आणि त्यांच्या पत्नी गोश्पी यांनी नेलं. नवरा-बायको एका होडीत, हे ऐकल्यावर घरातून एकच प्रश्न आला : "सुकाणू कोणाकडे होतं?"

एकदा यातलं एक पुस्तक घेऊन मी पालघरजवळच्या सातपाटीला गेलो. सातपाटी म्हणजे कोळी लोकांचं नावाजलेलं बंदर. इथल्या बांधणीच्या मचव्याला मत्स्यखात्याच्या पुस्तकांत 'सातपाटी पद्धत' असं स्वतंत्र नाव आहे. तिथल्या एका ऐंशी पार केलेल्या तांडेलकाकांना मी चित्र दाखवलं. होडी कललेली आणि खलाशी बाहेर लटकलेला. काकांनी चष्मा वर केला.

"हा भाईर कशाला लटकलाय?"

"होडी उलटू नये म्हणून."

"मग दोन गोणी रेती टाकायची ना खाली! आम्ही तेच करायचो. येताना मासळीचं वजन असायचं." जरा थांबून म्हणाले, "याला मासळी मिळाली नाय वाटतं."

नौकाशास्त्रातला एक अख्खा धडा काकांनी दोन वाक्यांत संपवला. मग ते बोलतच सुटले. मतलई वारा आपण भूगोलात पाच मार्कांसाठी पाठ केला. काकांचं सगळं तरुणपण त्यावर चाललं. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. उधाणाच्या भरतीला ओढ किती, भांगाच्या भरतीला किती, हे त्यांच्या बोटांवर. वाऱ्यात वळायचं कसं, हे दाखवायला त्यांनी माझ्या छत्रीचं परबाण केलं आणि खांद्यावरच्या पंचाचं शीड. इंग्रजांची डिंगी तोंड वाऱ्याकडे करून वळते. आपल्या मचव्याचं तिरकं परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागतं, म्हणून तो बहुधा वाऱ्याकडे पाठ करून वळायचा. माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात हे नाही.

तिथून परतताना गाडीत मी हाच विचार करत होतो. ज्यांना रविवारी चार तास तळ्यात होडी फिरवायची होती, त्या कारकून-मास्तरांनी वाऱ्याचं सगळं शास्त्र लिहून ठेवलं. ज्यांचं पोट त्या वाऱ्यावर होतं, त्यांनी एक ओळ लिहिली नाही. लिहायचं कशाला? बापाच्या हातातून ते पोराच्या हातात जात होतं. हौशी माणूस विसरतो, म्हणून लिहितो. मग स्वातंत्र्यानंतर मचव्यांना इंजिनं आली. कोळ्याचा जीव आणि वेळ दोन्ही वाचले, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार बोईसरला पंख्याखाली बसणाऱ्याला नाही. पण शीड उतरलं आणि ती हातातून हातात जाणारी विद्याही त्याच्याबरोबर उतरली. काकांचा नातू उपग्रहावरून दिशा बघतो. 'परबाण' म्हणजे काय, हे त्यानं माझ्यादेखत आजोबांना विचारलं.

मराठीत पूर्वी कोणी लिहिलंच नाही असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं म्हणून ओळखलं जाणारं अठराव्या शतकाच्या आरंभीचं 'आज्ञापत्र' घ्या. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराब फार मोठी नको, फार लहान नको. वाऱ्यावाचून अडून राहील असं अवजड जहाज बांधूच नये. आणि लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीनं तोडू नयेत. राज्य सांभाळणाऱ्या माणसाला हे लिहून ठेवायला सवड मिळाली. मी तर निवृत्त आहे.

म्हणून सध्या कपाटात उफा फॉक्सच्या शेजारी एक शंभरपानी वही आहे. दर पंधरवड्याला सातपाटीला जातो, काका सांगतात, मी लिहितो. आतापर्यंत बेचाळीस पानं झाली आहेत. अक्षर माझं असल्यामुळे ती वाचायला मीच लागतो, म्हणून घरातून ती सुवाच्य उतरवून काढायचं काम सुरू झालं आहे. काल 'मतलई'च्या पानाशी लेखणी थांबली आणि विचारणा झाली, "हे भांगाचं काय ते नीट विचारून या पुढच्या वेळी. आणि येताना बोंबील आणा."