लाख आणि लांबी

मंडळी, तंबाखू आपल्याकडे तशी उशिराच आली. विजापूरहून असद बेगने ती १६०४च्या सुमारास हुक्क्यासकट अकबराच्या दरबारी नेली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, पण व्यसन कुठे ऐकतंय! आमच्या जुन्नर-आंबेगावातही चिलीम पोचलीच.

कच्च्या चिलमीची चीर कुंभार ओल्या बोटाने बुजवतो. भाजल्यावर मात्र इलाज नाही. हुक्क्याच्या लाकडी दांडीला कातारी लाख लावी. फिरत्या लाकडावर टेकवली की घासून तापते, वितळते, चिरेत बसते, वर रंगही चढतो. पण निखाऱ्याजवळ लाख पाघळते, लाकूड जळते, म्हणून वर चिलीम मातीचीच.

फ्रान्समधल्या साँ-क्लोदचे ब्रायर-मुळाचे पाईप प्रसिद्ध. त्यातले खड्डे लांबीने भरतात, आणि असा पाईप स्वस्तात जातो. आपला कातारी रंगाखाली चीर झाकून पुरते पैसे घेत असावा, असा माझा संशय!