बैजिक राशींचे प्रकार: पदे किती, कोटी किती?

अंक आणि क्ष, य अशी अक्षरे (म्हणजे चल) गणिती क्रियांनी जोडली की बैजिक राशी तयार होते. अधिक किंवा उणे चिन्हाने वेगळे झालेले तिचे भाग म्हणजे पदे. एक पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. चलाचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे कोटी. कोटी १ असेल तर रेषीय, २ असेल तर वर्ग आणि ३ असेल तर घन बहुपदी.

पाठ करायला सोपे आहे, पण याचा उपयोग काय? कर्जत-खालापूरमधल्या फार्महाऊस प्लॉटच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतीलच. समजा, चौरस प्लॉटची बाजू क्ष फूट आहे. जमीन ८०० रुपये चौरस फूट, कुंपण ५० रुपये फूट आणि कागदपत्रांचे १०,००० रुपये. एकूण खर्च:

८००क्ष² + २००क्ष + १०,०००

ही त्रिपदी आहे आणि तिची कोटी २. बाजू ३३ फूट म्हणजे बरोबर एक गुंठा, १०८९ चौरस फूट. बाजू ६६ केली तर कुंपण दुप्पट लागेल, जमीन मात्र चौपट, ४ गुंठे. कागदपत्रांचा खर्च तेवढाच, कारण त्या पदाची कोटी शून्य. कुंपणवाल्याशी तासभर घासाघीस करून वाचेल ते २००क्ष मधले. खिसा रिकामा करणारे पद पहिले आहे.

पदे मोजण्याआधी राशी सोडवून घ्यावी. क्ष फूट बाजूच्या भातखाचराला आतून चारही बाजूंनी २ फुटांचा बांध घातला, तर लावणीला (क्ष − ४)² चौरस फूट उरतात. कंसात दोनच पदे दिसतात म्हणून याला द्विपदी म्हणू नका. विस्तार क्ष² − ८क्ष + १६, म्हणजे त्रिपदी.

पदांची संख्या आणि कोटी यांचा एकमेकांशी संबंध नाही. लांबी क्ष, रुंदी य आणि पाण्याची खोली झ असलेल्या खाचरात क्षयझ एवढे पाणी मावते. पद एकच, पण घातांकांची बेरीज १ + १ + १, म्हणून कोटी ३. 

प्रत्येक राशी बहुपदी नसते. नेरळहून दस्तुरीपर्यंत ६०० रुपयांची गाडी क्ष जणांनी वाटून केली, तर प्रत्येकी ६००/क्ष रुपये. चल छेदात गेले, घातांक −१ झाला. बहुपदीत घातांक ०, १, २ असे पूर्णच लागतात.

आणखी एक गंमत: नुसत्या ७ ची कोटी शून्य, पण ० या बहुपदीची कोटी ठरवताच येत नाही.

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत. तिचा वर्ग ‘याव’, घन ‘याघ’, सुट्या संख्येला ‘रू’. पदाच्या नावातच त्याची कोटी होती.